मानेचं दुखणं

मार्च उजाडला की बंगळुरातल्या बेस गिटारी कुरकुरायला लागतात. जानेवारीत ठणठणीत वाजणारं वाद्य. कुणी पाडलं नाही, कुणाला उसनं दिलं नाही. तरी एक दिवस जाड ‘ई’च्या तारेवर, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटशी खर्रर्र सुरू होते. मालकाचा पहिला संशय तारांवर जातो, दुसरा दुकानदारावर. खरं कारण हवेत असतं. नऊशे मीटर उंचीवरच्या या शहराच्या हवेचं कौतुक माणसांनी केलेलं आहे, लाकडाला कुणी विचारलेलं नाही. मार्चच्या दुपारी इथली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टच्या सकाळी 80च्या वर चढते. एवढ्या फरकात लाकूड आकसतं, फुगतं, आणि त्याचा हिशेब नेकला, म्हणजे वाद्याच्या मानेला, चुकवावा लागतो.

बेसची तार नटपासून घोडीपर्यंत साधारण 34 इंच लांब असते. लिओ फेंडरने 1951 साली ‘प्रिसिजन’ बाजारात आणला तेव्हापासून बहुतेकांनी तेच माप धरून ठेवलं आहे. चार तारा सुरात आणल्या की नेकवर मिळून 75 ते 80 किलोंचा ताण येतो. एक धडधाकट माणूस दिवसरात्र त्याला लोंबकळतोय असं समजा. नेक पुढे वाकू नये म्हणून त्याच्या पोटात पोलादाची सळई घातलेली असते, ती ट्रस रॉड. ती उलट बाजूला जोर लावते आणि दोन्ही ओढी जमल्या की नेक जवळजवळ सरळ राहतो. ‘जवळजवळ’ हे महत्त्वाचं. जाड तार थरथरताना मोठा फेरा घेते, तिला जागा लागते. म्हणून नेकला किंचित पोक ठेवावा लागतो. मार्चमध्ये बहुतेक नेक सुकून ताठ होतात, पोक जातो आणि तार फ्रेटवर आपटते. पावसाळ्यात उलट: पोक वाढतो, तारा उंच होतात, आणि तासभर वाजवलं की मनगट भरून येतं. ‘बहुतेक’ अशासाठी म्हणतो की काही नेक बरोबर उलटं वागतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

लिंगराजपुरमातल्या माझ्या खोलीत बेस दुरुस्तीला आला की मी आधी तारा सुरात लावतो, कारण ताणाशिवाय मोजलेल्या मापाला अर्थ नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो, नेक जिथे धडाला मिळतो तिथल्या फ्रेटवर एक बोट, आणि मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटशी, तार आणि फ्रेट यांच्यातल्या फटीत फिलर गेजचं पान. 0.3 मिलिमीटरचं पान हलकेच घासून गेलं पाहिजे. अडकलं तर नेक ताठ आहे, मोकळं गेलं तर वाकलेला. मग अॅलन की. घट्ट करायचं असेल तर आधी तारा सैल करायच्या आणि एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावायचं, थांबायचं, पुन्हा मोजायचं. लाकडाला सावरायला वेळ लागतो. कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी माप आपसूक थोडं सरकलेलं असतं. ‘तासाभरात देतो’ म्हणणाऱ्याकडे बेस न टाकण्याचं हे एक कारण.

नेक जमला की मगच सॅडलची, म्हणजे घोडीवर तार टेकते त्या तुकड्याची, उंची: सतराव्या फ्रेटशी जाड तारेला साधारण अडीच मिलिमीटर, बारीकला दोन. त्यानंतर इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर तार दाबून येणारा सूर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. हा क्रम मोडला की सगळंच बिघडतं, आणि तो सर्रास मोडला जातो. नेक वाकलाय म्हणून सॅडल खाली, खरखर आली म्हणून सॅडल वर, असं वर्षभर करत बसणारे पुष्कळ. वाकलेपण ट्रस रॉडने काढायचं आणि उंची सॅडलने ठरवायची. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.

मुंबई, गोवा, मंगळूरहून इथे आलेल्या वाद्यांचं आणखी एक दुखणं असतं. दमट हवेत फुगलेली फिंगरबोर्डची पट्टी इथे येऊन आकसते, फ्रेटचा धातू मात्र आहे तेवढाच राहतो. त्याची टोकं कडेने बाहेर डोकावतात आणि हात सरकवला की तळवा ओरखडतो. लाकडावर कागदी चिकटपट्टी लावून बारीक कानशीने ती टोकं तिरपी घासायची, पॉलिश पेपरने गोल करायची. हे काम मी मुद्दाम उन्हाळ्यातच करतो. पट्टी सर्वांत आकसलेली असताना घासलं की पुन्हा डोकावायला काही उरत नाही. नवा बेस घेतानाही हेच लक्षात ठेवावं. पावसाळ्यात दुकानातला प्रत्येक नेक गुळगुळीत लागतो. मार्च-एप्रिलमध्ये कडेवरून बोट फिरवलं की लाकूड किती मुरलेलं होतं ते लगेच कळतं.

लाकडावरून आठवलं. आपल्याकडच्या शिसवीला, डाल्बर्जिया लॅटिफोलियाला, कन्नडमध्ये बीटे म्हणतात. पश्चिम घाटात, कर्नाटकाच्या जंगलांत ती वाढते आणि जगभरच्या गिटारींच्या फिंगरबोर्डांना वापरली जाते. 2017 साली या कुळातल्या सगळ्याच झाडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, कंपन्यांनी घाईघाईने पाव फेरोसारखी दुसरी लाकडं धरली. 2019मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली आणि शिसवी परतली. इथल्या घाटातलं लाकूड परदेशात जाऊन, पट्टी होऊन, बेसला चिकटून पुन्हा बंगळुरात विकायला येतं. त्याला काय लावावं, असं सगळे विचारतात. खोबरेल लावू नये, खवट होतं. गिटारच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळणाऱ्या ‘लेमन ऑइल’मध्ये बहुधा खनिज तेलच असतं, औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन तेच काम करतं. वर्षातून दोनदा, चार थेंब, आणि लगेच पुसून काढायचं. मेपलच्या लॅकर केलेल्या पट्टीला काहीच लावायचं नाही.

माझं आजोळ मिरजेचं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सुट्टीत सतारमेकरांच्या गल्लीतून जाणाऱ्या पोरांना ही माणसं काहीतरी विशेष करतात हे आधीपासून ठाऊक होतं. जवारी काढणारा कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. तंबोऱ्याची तार त्या किंचित उताराला घासत थरथरते म्हणून तर तो गुंजतो. ज्या घासण्याला बेसवाला नाक मुरडतो ते तिथे महिनोन् महिने शिकून साधायचं कसब आहे. त्यामुळे कुणी ‘खरखर पूर्ण घालवा’ म्हणालं की मी आधी विचारतो, अॅम्पमधून ऐकू येते का? नुसत्या हातात वाजवताना ऐकू येणारी थोडी खरखर पिकअपपर्यंत पोचतच नाही. तिच्यासाठी तारा उंच करून बोटांना शिक्षा कशाला? आणि काहींना ती हवीच असते. 17 मार्च 2007 रोजी बंगळुरात पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन वाजवून गेले. त्यांच्या स्टीव्ह हॅरिसच्या बेसचा जो खणखणाट आहे तो तार फ्रेटवर आपटण्याचाच आवाज आहे, तोही सपाट वेढ्याच्या तारांवर. त्या संध्याकाळनंतर या शहरात तसा आवाज मागणारी मुलं कमी झालेली नाहीत. त्यांच्यासाठी तारा मुद्दाम खाली ठेवतो. जवारी काढल्याचं समाधान मिळतं, मिरजेत मात्र हे बोलायची सोय नाही.

फोनवर रेकॉर्डिंग पाठवून ‘काय बिघडलंय सांगा’ म्हणणाऱ्यांना मात्र काही सांगता येत नाही. खुली ‘ई’ 41 हर्ट्झची. फोनच्या इवल्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही, वरचे उपस्वर ऐकून उरलेलं आपला मेंदू भरून काढतो. वाद्य घेऊन या, एवढंच उत्तर.

तारांबद्दल दोन टोकांची माणसं भेटतात. एक दर महिन्याला बदलणारे. बेसचा बरा सेट दोन-तीन हजारांच्या घरात जातो, म्हणून मग कुणीतरी तारा उकळायला शिकवतं. उकळल्याने वेढ्यातला मळ सुटतो, चमक परत येते, थोडे दिवस टिकते, आणि दर खेपेला तार थोडी अशक्त होते. दुसरे कधीच न बदलणारे. त्यांचा देव जेम्स जेमरसन. मोटाउनच्या कितीतरी गाण्यांचा बेस त्याने 1962च्या प्रिसिजनवर वाजवला आणि तार तुटेपर्यंत बदलली नाही. पण त्याच्या तारा सपाट वेढ्याच्या होत्या, हे त्याचे भक्त विसरतात. गोल वेढ्याच्या तारा दोन वर्षं ठेवून जेमरसन होता येत नाही, नुसत्या गंजतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तो फारसा कुणी करत नाही.

आता निवडीचं. टाळेबंदीत या शहरातल्या किती संगणकवाल्यांनी बेस घेतले याची मोजदाद नाही, पण ते आता विकायला निघालेत हे दिसतं आहे. भिंतीवर, एसीच्या झोतात किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेले, जेमतेम वाजवलेले. यांत उत्तम माल असतो. बघायचं ते असं. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही सारख्या वाकलेल्या असतील तर चालेल, ट्रस रॉड आहे. एक कड एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे, म्हणजे पीळ असेल तर आभार मानून बाहेर पडा. ट्रस रॉडचा नट फिरतो का, हे विकणाऱ्यासमोर बघा. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. बारीक ‘जी’वर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. महागड्या बेसातही असतो, त्याला घाबरू नका, पण माहीत असू द्या. मग पट्टा अडकवून उभे राहा आणि हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकला तर डावा हात जन्मभर तो सावरत बसेल. वजन चार किलोंच्या आसपास असावं. पाच किलोंचा बेस दुकानात भारदस्त वाटतो, सिल्क बोर्डच्या सिग्नलला दुचाकीवर पाठीला असताना नाही. हात लहान असतील तर 30 इंची घ्या, त्यात कमीपणा नाही. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनरही त्याच घरातला. नेक आणि फ्रेट चांगले असतील तर वीस-पंचवीस हजारांच्या बेसवर नीट सेट-अप करून कुठल्याही मंचावर उभं राहता येतं. पिकअप, पॉट, घोडी नंतर बदलता येतात. वाईट नेक बदलायचा म्हणजे वाद्यच बदलायचं.

विजेची दुखणी बहुतेक क्षुल्लक असतात. बेळगावचा एक मुलगा, इथे नोकरीला, बेस घेऊन आला. “काका, पिकअप गेलंय म्हणतोय की हो दुकानदार. सहा हजार सांगतोय.” मी मागचं झाकण उघडून नऊ व्होल्टची बॅटरी बदलली. अॅक्टिव्ह बेसमध्ये केबल आत खुपसली की बॅटरी चालू होते, आणि हा रात्रभर केबल तशीच ठेवून झोपत होता. दुसरं नेहमीचं दुखणं जॅकचं. बाहेरचा नट सैल होतो, माणूस पान्याने तो आवळतो, आत अख्खा जॅक फिरतो आणि वायर पिळून तुटते. झाकण काढून जॅक आतून धरून नट आवळायचा, वायर तुटलीच असेल तर डाग द्यायचा. लागणारं सगळं सामान एस. पी. रोडवर मिळतं. जॅक मात्र तिथे स्वस्तातला घेऊ नये, त्याची पत्ती महिन्यात ढिली पडते.

एका बाबतीत मी थट्टा करत नाही. तारांना हात लावल्यावर घूंऽऽ आवाज कमी होत असेल तर काळजी नाही, जमिनीची वायर जागेवर आहे, फक्त आतलं शील्डिंग कमी पडतंय. पण बेस हातात असताना ओठ माइकला लागले आणि झिणझिणी आली तर दोष बेसमध्ये नसतो, घराच्या नाहीतर हॉलच्या अर्थिंगमध्ये असतो. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अशा वेळी कुणी बेसमधली घोडीकडे जाणारी वायर कापायचा सल्ला देईल. ती कापू नका, आणि अॅम्पच्या प्लगची तिसरी पिनही काढू नका. वाजवणं तिथेच थांबवा, बेस भिंतीशी ठेवा, आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. माझ्याकडे नंतर या.