पाठमोरं माथेरान

आमच्या कळंबोलीत सूर्य माथेरानमागून वर येतो. आणि माथेरानच्या सनसेट पॉइंटवर ज्याचे फोटो काढायला झुंबड उडते तो सूर्य आमच्या बाजूला, पनवेलच्या खाडीवर आणि आमच्या सेक्टरांवर उतरतो. दोन्ही गावांत सरळ रेषेत वीसेक किलोमीटरचं अंतर, जिल्हा एकच, रायगड. पण एका गावात मोटारीला मज्जाव आहे आणि दुसऱ्यात मोटारीखेरीज कुणाला मान नाही.

कळंबोली सर्कल ज्यांनी गाडीतूनच पाहिलं त्यांना हे पटणार नाही, कारण त्यांच्या लेखी कळंबोली म्हणजे गाव नव्हेच. शीवहून आलेला रस्ता, मुंब्र्याकडून आलेला रस्ता, जेएनपीटीच्या कंटेनरांचा रस्ता आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग यांची गाठ म्हणजे कळंबोली. पुण्याला जाणारी निम्मी मुंबई मॅकडोनाल्ड्ससमोर बॅगा घेऊन ताटकळते, गाडी आली की चढते, आणि आम्ही मागे उरतो. मागे उरतो म्हणजे लोखंड बाजार, पत्र्याची गुंडाळी लादलेले ट्रेलर, वजनकाटे, टायरवाले, रात्री अडीचलाही उकळणारा चहा. इथे माणूस रस्ता ओलांडत नाही, फट शोधतो. इथल्या मुलांना इंजिनाच्या आवाजावरून गाडी रिकामी की भरलेली ते ओळखता येतं.

पण जूनचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की हवेतली धूळ बसते आणि गच्चीवरून पूर्वेला अख्खी रांग उभी राहते. डावीकडे मलंगगड, चंदेरीचा सुळका, मग पेब, मग लांबच लांब सपाट माथा तो माथेरानचा. त्याच्या पुढ्यात प्रबळगड आणि त्याला लागून कलावंतिणीचा सुळका, उजवीकडे इर्शाळ, आणि पार दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. आम्हाला दिसतं ते पाठमोरं माथेरान. त्याचं तोंड पलीकडे, नेरळच्या बाजूला. हॉटेलांच्या जाहिरातीतलं, मिनी ट्रेनचं, घोड्यांचं माथेरान तिकडून सुरू होतं.

दोन दिवसांची सुट्टी जोडून आली की सोसायटीतलं कुणीतरी विचारतंच, "माथेरानला जाऊन करायचं काय पण?" प्रश्न रास्त आहे. तिथे रोपवे नाही, वॉटर पार्क नाही, मॉल नाही. यादी करायला बसलात तर पॉइंटांची होईल. अडतीस पॉइंट आहेत म्हणतात. मी माझ्यापुरतं उत्तर ठरवून टाकलंय: चालायचं. बाकी जे काही व्हायचं ते चालता चालता होतं.

आधी तिथवर पोचणं हीच एक गंमत. डोंगर समोर दिसतो, पण गाडीचा रस्ता त्याला वळसा घालून जातो. पनवेल, चौक, कर्जत, नेरळ अशी अर्धी प्रदक्षिणा झाली की मग घाट. लोकलवाल्यांनी ठाणे-कल्याणमार्गे नेरळ गाठावं आणि दैव अनुकूल असेल तर तिथून मिनी ट्रेन धरावी. दैवाचं नाव उगीच घेत नाही. पावसाळ्यात नेरळहून निघणारी गाडी बंदच असते, त्या दिवसांत धावते ती वरची अमन लॉज ते माथेरान एवढीच. २००५च्या जुलैत रूळ वाहून गेले ते २००७ साली पुन्हा जुळले. २०१९च्या पावसाने पुन्हा खाल्ले, आणि नेरळहून गाडी सुटायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. दोन फुटी रुळांची ही एकवीस किलोमीटरची वाट सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हट्टातून झाली. काम १९०४ला सुरू झालं, १९०७च्या मार्चमध्ये गाडी धावली, खर्च सोळा लाख. आख्यायिका अशी की नेरळला उतरलेल्या आदमजींना वर जायला ना तट्टू मिळालं ना पालखी, आणि शेठजी इरेला पेटले. खरं-खोटं देव जाणे. पण वाहन मिळालं नाही म्हणून रेल्वे बांधणारा माणूस मला आवडतो. आमच्याकडे वाहन मिळालं नाही तर लोक फार तर फोनवर दुसरं अ‍ॅप उघडतात.

जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. गाडी इतकी सावकाश चढते की रुळालगतची करवी पानागणिक बघून होते.

दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते. इथून पुढे सव्वाशे वर्षांपूर्वीचे नियम आहेत असं वाटतं, पण ते खरं नाही. नियमाला आधार आहे तो ताजा: ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्राने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर इंजिनाचं वाहन आत येत नाही. नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडली की घोडेवाले गराडा घालतात.

"काका, घोडा घ्या. सात पॉइंट फिरवतो."

"आणि आठवा?"

"आठवा आमच्याकडून गिफ्ट."

इतकं हजरजबाबी उत्तर मिळाल्यावर घोडा नाकारणं जिवावर येतं, पण नाकारावं. घोड्यावरून माथेरान दिसत नाही, घोड्याचे कान दिसतात. त्यापेक्षा रुळांच्या कडेने बाजाराकडे चालत सुटावं. लाल माती आधी चपलेला लागते, मग पायमोज्यांना, मग पँटच्या दुमडीला, आणि घरी तिसऱ्या धुण्यातही निघत नाही. वर अंजनी, जांभूळ, हिरडा यांची इतकी दाट सावली की एप्रिलच्या दुपारीही डोक्याला ऊन लागत नाही. शीळकरी कस्तूर ऐकायचा असेल तर पहाटे उठा. उनाड पोराने शीळ घालत जावं तसा तो गातो, नि सूर अर्धवट सोडून देतो.

पॉइंटांबद्दल माझं मत लोकांना रुचत नाही. इको पॉइंटवर आपलाच आवाज ऐकायला माणसं इतकी ओरडतात की प्रतिध्वनीला बोलायला जागा उरत नाही. पॅनोरमा पहाटेचा, तोही थंडीतला, एरवी पायपीट फार. लुईझा, शार्लट या साहेबी नावांच्या ठिकाणी गर्दी असते. पण शार्लट तलावाकाठच्या पिशरनाथाच्या देवळात टेकलात तर अर्धा तास कुणी उठवत नाही, माकडं सोडून. माकडांच्या बाबतीत एकच नियम: हातात पिशवी दिसता कामा नये. वन ट्री हिल मात्र चुकवू नका. तिथून एक खडी वाट खाली चौकच्या दिशेने जाते, तिला शिवाजी शिडी म्हणतात. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला असताना याच बाजूने वर चढला आणि पुढे साहेबांची वस्ती झाली. पुस्तकं याला शोध म्हणतात. ठाकर, धनगर, कातकरी आधीपासून तिथे होतेच, त्यांना कुणी शोध लागला म्हणून कळवलं नसावं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट गमतीची वाटते. चौक आमच्या अंगाला, पनवेलच्या वाटेवर. म्हणजे साहेबाला माथेरान गवसलं ते मागच्या दाराने.

बाजारात चिक्की घ्या, चामड्याच्या चपला घ्या, कोरीव मुठीची काठी घ्या. काठी परतल्यावर कपाटामागे जाते, तरी घ्या. आणि जमलं तर गावातल्या कुणाला तरी भाई कोतवालांबद्दल विचारा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ला माथेरानलाच जन्मले, साहेबांच्या आणि शेठजींच्या बंगल्यांच्या गावात एका गरीब नाभिक कुटुंबात. शिकून वकील झाले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते हुतात्मा झाले. गारव्याला आलेल्यांच्या सेवेसाठी वसलेल्या गावातून असा माणूस निघाला, ही गोष्ट मला इथल्या कुठल्याही दरीपेक्षा खोल वाटते.

सेवेचा विषय निघाला म्हणून सांगतो. मोटारी नाहीत म्हणून माथेरान शांत आहे, हे अर्धंच खरं. मोटार नाही म्हटल्यावर तिचं काम कुणीतरी करायलाच हवं. गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या, हॉटेलातल्या गाद्या, पर्यटकांच्या चाकं लावलेल्या बॅगा (ही चाकं लाल खडीवर काही उपयोगाची नसतात) हे सगळं घोड्याच्या पाठीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून जातं. आणि थकलेला पर्यटक हातरिक्षातून जायचा. पुढे एक माणूस ओढायला, चढावर मागून ढकलायला आणखी दोघे. मी लोखंड बाजारात उभी हयात काढली. टनाचं वजन मला पाठ आहे. पण चढणीवर छाती फुटेस्तोवर ओढणारा माणूस आणि मागे बसून मोबाइलवर त्याचंच चित्रण करणारा माणूस हे एका दृष्टिक्षेपात पाहिलं की गारवा अंगाला लागेनासा होतो.

हे ओढणाऱ्यांनाही नको होतं. ई-रिक्षा मिळाव्यात म्हणून त्यांनीच वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२२च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून मोजक्या ई-रिक्षा सुरू झाल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांचं पोट घोड्यावर. अखेर ६ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, आणि ई-रिक्षा देताना खऱ्या हातरिक्षावाल्यांना द्या. शांततेचे भोक्ते यावर नाकं मुरडतात. ई-रिक्षा आली, उद्या मोटार येईल, म्हणतात. मोटार येऊ नये हे मलाही वाटतं, कळंबोलीकराइतकं कुणाला वाटणार! पण आपल्या दोन दिवसांच्या शांततेसाठी दुसऱ्याने जन्मभर जू ओढावं, एवढा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

हे सगळं मनात घोळत असताना चालत सनसेट पॉइंटला जावं. तिथली माणसं पश्चिमेच्या आभाळाकडे बघतात. आम्ही कळंबोलीकर त्याखाली बघतो. समोर प्रबळगडाची भिंत, तिच्या बाजूने पनवेलचं खोरं, मग इमारतींचा दाट पांढुरका पट्टा. तिथे आपलं घर शोधायचं. मिळत नाही. मात्र द्रुतगती मार्ग मिळतो, आणि त्याच्यावरून आपला सेक्टर साधारण कुठे असावा याचा अंदाज बांधता येतो. मग शेजारी उभ्या असलेल्या कुण्या दादरकराला उगाच सांगायचं, "ते तिथे आमचं घर." तोही मान डोलावतो.

आणि इथूनच पायथ्याच्या धोदाणीला जाणारी पायवाट सुटते. घरी परतायची हीच वाट खरी, कारण धोदाणीहून नेरेमार्गे पनवेलला एसटी जाते. अर्धी प्रदक्षिणा वाचते. गुडघे शाबूत असतील आणि पाऊस नसेल तरच हिच्या नादी लागावं. उतरायला दोन-अडीच तास धरा. अट अशी की अंधाराआधी खाली पोचायचं, म्हणजे सनसेट पॉइंटवरून सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी पाय काढायचा. मी जेव्हा जेव्हा या वाटेने उतरलो तेव्हा तिथला सूर्यास्त मला हुकलाच आहे.

वाटेत खालच्या वाड्यांवरच्या बाया भेटतात, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या. पहाटे भाजी, दूध, मोसमानुसार करवंदं-जांभळं डोक्यावर घेऊन त्या याच वाटेने चढलेल्या असतात. हॉटेलात सकाळी आपल्यापुढे येतो त्या चहातलं दूध कदाचित असंच, पायी आलेलं असतं. आम्ही काठी टेकत, फांद्या धरत, एकेक दगड चाचपत उतरतो. त्या गप्पा मारत पुढे निघून जातात. एकदा एकीने थांबून माझ्याकडे बघितलं.

"बाबा, बूट काढा. पाय धरतो, बूट सरतो."

"सवय नाही हो ताई."

"मग बसून बसून उतरा. एसटी थांबवतो आम्ही."

आणि खरंच थांबवली होती. चालक हॉर्न वाजवत होता, आणि ती दारात एक पाय ठेवून त्याला दटावत होती, म्हातारं माणूस येतंय, दम धर. खिडकीतून गाढी नदी दिसते ती माथेरानच्या याच डोंगरातून निघालेली. तिच्यावरच्या देहरंग धरणाचं पाणी पनवेलला जातं. मागच्या दाराने दूध, भाजी वर जाते आणि पाणी खाली येतं, असा हा देण्याघेण्याचा व्यवहार.

आता धोदाणीहून वर फ्युनिक्युलर न्यायचा विचार अधूनमधून बातम्यांत येतो. उताराच्या रुळांवरून दोरखंडाने ओढला जाणारा डबा. झाला तर आम्हा कळंबोली-पनवेलकरांना मागचं दार सताड उघडेल. सकाळी चहा घरी, न्याहारी माथेरानला. माझे गुडघे बघता मी पहिल्या दिवशी रांगेत असेन, खोटं कशाला बोला. त्या बातम्यांत डोंगराचा चढ असतो, खर्चाचा आकडा असतो, पर्यटन कसं वाढेल तेही असतं. पाटीचं तिकीट वेगळं पडेल की बाईच्या तिकिटातच धरतील, एवढं मात्र मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.