खरेदीचा रकाना

आमच्या पिढीतले बरेच जण मुलांच्या मागोमाग मारुंजीला आले. नोकऱ्या आकुर्डी, पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांत झाल्या, घरं निगडी-चिंचवडला होती. मुलं हिंजवडीच्या आयटी पार्कात लागली आणि आम्ही एकेकाळच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत राहायला आलो. सामान आवरताना पुष्कळ काही वाटून टाकलं, पण शेअरची फाइल मात्र मांडीवर घेऊन आलो. त्यातली सर्टिफिकेटं आता डीमॅट झाली आहेत. यंदा त्यातले थोडे शेअर विकले, आणि रिटर्न भरायच्या वेळी मुलाने फोनवर नफ्यातोट्याचा तक्ता उघडला. विक्रीची तारीख, भाव, दलाली, सगळं पैशापर्यंत चोख होतं. खरेदीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

"बाबा, हे घेतले कितीला होते?"

या प्रश्नाचं उत्तर एकेकाळी घरातल्या सगळ्यांना पाठ असे.

तेव्हा शेअर घ्यायचा म्हणजे घरात चार दिवस चर्चा व्हायची. अर्ज कुणाकडून तरी मागून आणायचा, मोठ्या अक्षरांत भरायचा, चेक टाचणीने लावायचा आणि मग पोस्टमनची वाट बघायची. कधी शेअर मिळाल्याचं पत्र यायचं, बहुतेकदा पैसे परत यायचे. सर्टिफिकेट आलं की आधी देवापुढे, मग वहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. तारीख, कंपनी, फोलिओ क्रमांक, किती नग, काय भाव, दलाली किती, मुद्रांक किती. उजवीकडचा विक्रीचा रकाना कोराच राहायचा, कित्येकदा आयुष्यभर. डिव्हिडंड वॉरंट आलं की त्याची नोंद, बोनस आला की त्याची. लक्ष्मीपूजनाला ती वही पाटावर असायची. त्या रात्री वडील ती पहिल्या पानापासून चाळत आणि आई शेजारी बसून सांगे, "हे घेतले तेव्हा धाकटीचं बारसं होतं."

ते दिवस सुखाचे होते असं मात्र म्हणवत नाही. सर्टिफिकेट टपालात गहाळ होई. ट्रान्सफर डीडवर सही जरा वेगळी पडली की कागद महिन्यांनी परत येत, तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असे. बनावट सर्टिफिकेटं निघत. घरातला कर्ता माणूस गेला, तर त्याच्या बायकोला वारसाच्या कागदांसाठी वर्षं घालवावी लागत, आणि पुष्कळ जणी कंटाळून नाद सोडत. सात वर्षं न उचललेला लाभांश आणि त्यामागचे शेअर आता सरकारी आयईपीएफ निधीत जमा होतात. त्यात अशा किती घरांचे पैसे असतील, याचा विचार आला की वाईट वाटतं.

आज यातलं काही नाही. १९९६ मध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी आली, १९९९ मध्ये सीडीएसएल, आणि कागद खात्यातल्या आकड्यांत गेले. १ एप्रिल २०१९ पासून तर कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करणंच बंद झालं. विकले की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे हातात. हे चांगलं झालं, निःसंशय चांगलं झालं. पण सर्टिफिकेट डीमॅटला देताना अर्जात नग लिहिले, भाव कुणी विचारला नाही. खात्यात शेअर आले, त्यांचा भाव वहीतच राहिला.

आणि वही थांबली ती आपल्या हातांनी. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत शेअर बाजारात विकलेल्या जुन्या शेअरच्या नफ्यावर करच नव्हता. साडेतेरा वर्षं कुणाला खरेदीची किंमत लागली नाही. वडील गेले, वही माळ्यावर गेली. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कर परत आणला. आज तो वर्षाला सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के आहे.

कायद्याने थोडी दया दाखवली आहे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना खरेदीची किंमत किंवा त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव, यातला मोठा आकडा धरता येतो. मात्र तो भाव विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर विक्रीच्या किमतीपुरताच. वारशाने आलेल्या शेअरना वडिलांची तारीख आणि वडिलांचीच किंमत लागते. म्हणजे भाव एकवेळ सापडला नाही तरी चालेल, तारीख हवीच.

आमच्या पट्ट्यातलंच उदाहरण घ्या. २००८ मध्ये जुन्या बजाज ऑटोची विभागणी झाली. मूळ एका शेअरचे तीन कंपन्यांचे तीन शेअर झाले. त्यातल्या नव्या बजाज ऑटोने २०१० मध्ये एकास एक बोनस दिला. बजाज फिनसर्व्हने २०२२ मध्ये शेअर पाचात फोडला आणि वर एकास एक बोनस दिला. वडिलांनी बजाजच्या आकुर्डीच्या गेटवरून येताजाता भरवशाने घेतलेल्या शेअरांपैकी विभागणीच्या वेळी हाती असलेला एक शेअर आज तेरा होऊन बसला आहे. २०१० च्या बोनसला २०१८ चा भाव मिळतो. २०२२ च्या बोनसची खरेदी किंमत मात्र शून्य, विक्रीची सगळी रक्कम नफा. हे सगळं सीए तासाभरात उलगडून देतो. त्याला लागते ती पहिली ओळ, आणि ती कुठल्याही सर्व्हरवर नाही.

मुलगा महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवतो, त्याची प्रत्येक नोंद आपोआप होते. त्याला वहीची गरज नाही, आणि ते बरंच आहे. पण त्याने कुठला शेअर कोणत्या वर्षी का घेतला, हे त्याच्या मुलीला कधी कळणार नाही. आईने भावाच्या आकड्याशेजारी बसवलेलं ते बारसं कुठल्याच तक्त्यात येत नाही.

माळ्यावरची वही शेवटी सापडली. तारीख मिळाली: १४ मार्च १९८९. अक्षर वडिलांचं, भावाखाली दोन रेघा. मुलाने तो आकडा रकान्यात भरला, पानाचा फोटो काढला आणि वही आपल्या कपाटात ठेवली.

तुमच्याकडे अशी वही असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत घालू नका. आणि वही लिहिणारं माणूस अजून घरात असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसून एकेक ओळ विचारून घ्या.