आबांचे गमबूट

आषाढ लागला की दोंडाईच्याच्या आमच्या घरात आबांचे गमबूट माळ्यावरून खाली येत. काळे, गुडघ्याला टेकणारे. नाडी नाही, बक्कल नाही; पाय आत सारायचा आणि चालू लागायचं. त्याआधी मात्र दोन्ही बूट उलटे करून ओट्यावर आपटायची आबांची शिस्त. आत कधी विंचू दडलेला असे.

तेव्हा मिरचीला, कपाशीला पाटानं पाणी भरत. मोटारीची वीज बहुतेक रात्रीच यायची. बॅटरी घेऊन आबा निघाले की मी मागे धावायचो आणि आजी ओरडायची, "भाऊ, गारामा जाऊ नको!" काळ्या मातीचा तो गारा पायाला धरला की सोडत नसे. मला वाटे, असं चिकटतं म्हणूनच 'गम'बूट! शाळेत आमच्याकडे गमची बाटली असायचीच.

पुढे कळलं, गम म्हणजे झाडाचा चीक आणि रबर त्या चिकाचंच. म्हणजे मी फार चुकलो नव्हतो. साहेबाच्या देशात याच बुटाला 'वेलिंग्टन' म्हणत. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनच्या होबी नावाच्या कारागिराकडून त्यानं चामड्याचे उंच बूट आपल्या सोयीचे करून घेतले आणि बुटांना त्याचं नाव पडलं. १८५० नंतर गंधक घालून पक्कं केलेल्या रबराचे बूट निघाले. चामडं गेलं, नाव राहिलं. आमच्याकडे मात्र सेनापतीचं नाव कुणी घेतलं नाही, रबराचं घेतलं.

आता त्याच शेतात ठिबक आहे. पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जातं, पाट बुजलेत, गारा उरला नाही. पाणी वाचलं, रात्रीची पायपीट कमी झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण गाऱ्याबरोबर गमबूट गेले आणि घरातून तो शब्दही गेला.

परवा नातवासाठी पिवळे 'रेन शूज' घरपोच आले. मी म्हणालो, "हे तर गमबूट!" त्यानं विचारलं, "गमबूट म्हणजे?" मग त्याला आबा सांगितले, गारा सांगितला, विंचू सांगितला.

आता तो शाळेला निघताना बूट उलटे करतो, ओट्यावर दोनदा आपटतो आणि मला हाक मारतो, "आजोबा, माझे गमबूट बघा!"