सहा दारांची ओळ

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिच्या कडेला सेंट फॅगन्स येथे त्या देशाचे लोकजीवन जपणारे संग्रहालय आहे. त्याच्या विस्तीर्ण आवारात एकमेकांना भिंत लावून उभी असलेली सहा लहान दगडी घरे आहेत. ती मूळची तेथील नव्हेत. उत्तरेकडील मर्थर टिडफिल या लोखंडाच्या गावी, रीड-अ-कार नावाच्या वस्तीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड क्रॉशे या कारखानदाराने लोहखनिज काढणाऱ्या मजुरांसाठी ती बांधली.

संग्रहालयाने प्रत्येक घर वेगळ्या काळाचे मांडले आहे : १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. पहिल्या घरात मोजकेच सामान. शेवटच्या घरात दूरचित्रवाणी संच. चार पावलांत १८० वर्षे ओलांडली जातात.

या सामानाकडे मात्र सावकाश पाहावे. मर्थरमध्ये एके काळी वस्तू घरात आली म्हणजे ती घरातच राहील, अशी खात्री नसे. मजुरी घटली की दुकानदाराची उधारी वाढे, आणि लहान कर्जांच्या वसुलीसाठी असलेल्या न्यायालयाचे बेलिफ घरातील वस्तू उचलून नेत. १८३१ च्या जून महिन्यात मजुरांचा संयम संपला. जमावाने जप्तीत गेलेल्या वस्तू हुडकून मूळ मालकांना परत केल्या आणि त्या न्यायालयाची दप्तरे जाळली. (दप्तर जाळल्याने देणे फिटत नाही, हे ज्याने हिशेबाच्या वह्या सांभाळल्या त्याला ठाऊक असते, पण ज्याची पेटी परत आली, त्याला ते कोण सांगणार?) लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. डिक पेंडेरिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुण मजुराला त्याच वर्षी १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिले. तो निर्दोष होता, असे वेल्समध्ये आजही मानतात.

१९२५ च्या घरापाशी वृद्ध वेल्श माणसांच्या आठवणी जाग्या होतात. खाणीतून काळाठिक्कर होऊन आलेला बाप, शेगडीपुढे ठेवलेले पत्र्याचे टब, चुलीवर तापणारे पाणी. वारंवार पाठ धुतली तर ती दुबळी होते, अशी कित्येक खाणकामगारांची समजूत होती, म्हणून पाठ तशीच काळी राही. घरच्या बाईचा दिवस पाणी उपसण्यात आणि कोळशाची धूळ पुसण्यात जाई. दाराची पायरी घासून लख्ख ठेवणे हा तिचा मान. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, खाणमालकांनी कामगारांना कामाबाहेर ठेवले. मे महिन्यापासून हिवाळ्यापर्यंत वेतन नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणणे त्या दिवसांत नुसती रीत उरली नाही. त्यावर चूल चाले.

१९७९ मध्ये मर्थरला पूर आला आणि ही वस्ती मोडली. त्यांतील सहा घरे दगड-दगड सुटी करून दक्षिणेस आणली गेली व १९८७ मध्ये पाहण्यास खुली झाली. भिंती आल्या, परसातील बागाही पुन्हा लावल्या. माणसे मात्र निरनिराळ्या वस्त्यांत विखुरली होती. त्यांच्यापैकी कोणी आज सेंट फॅगन्सला गेले, तर इतर पाहुण्यांच्या मागे उभे राहूनच त्यांना आपल्या आईच्या स्वयंपाकघरात शिरावे लागेल.