रेवदंड्याची सुपारी

श्रावणातल्या एका पावसाळी सकाळी आम्ही अलिबागहून मोटारीने रेवदंड्यास निघालो. ओढ होती ती किल्ल्याची. तेथल्या भाऊबंदांकडे जाणे केवळ आईच्या शब्दाखातर. रेवदंड्याचे नवल असे की, हमरस्ताच तटातून आत शिरतो आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्यांत माणसे नांदतात. पोर्तुगिजांचा हा कोट १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आला, हे मी सोबत्यांना मोठ्या ऐटीत सांगितले. सातखणी मनोरा पावसात निथळत उभा होता.

मग काकूंचे घर शोधले. वडिलांच्या चुलतचुलत्यांची ती सून. तहाचे साल मला तोंडपाठ होते. हे नाते मात्र मोटारीत बसून घोकावे लागले होते! वाडीच्या वाटणीवरून वडील रागावले, त्यानंतर आमच्या घरचे कोणी इकडे फिरकले नव्हते.

काकूंनी पाय धुण्यास ऊन पाणी दिले, भाकरी वाढली. जुन्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. निघताना तेवढी एक पुरचुंडी माझ्या हाती ठेवून म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या वाट्याची सुपारी. दरसाल वेगळी काढते. न्यायला कोणी येत नाही, म्हणून मग देवळात देते."

परतीच्या वाटेवर किल्ल्याविषयी बोलण्याचे मला सुचले नाही.

रात्री वडिलांनी पुरचुंडी सोडली. एक सुपारी अडकित्त्यात धरली. पण कातरली नाही.

"पाऊस फार होता का रे तिकडे?" एवढेच त्यांनी विचारले.