आतेचं देणं

माझी पहिली पेटी आतेनं घेऊन दिली. काजूच्या एका हंगामात बिया विकून साठवलेले पैसे तिनं माझ्या वडिलांच्या हातावर ठेवले आणि म्हापशाहून पेटी आली. हे देणं घरात, वाड्यावर, भजनी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुठं वाजवायला बसलो की कुणीतरी जुनं माणूस ते बोलून दाखवतंच. तिचं दुसरं देणं मात्र कुणाला ठाऊक नाही, कारण ते फेडायला घ्यावं असं मला कळलं तेव्हा ती अंथरुणावर होती. ते देणं आहे नाच बघण्याच्या नजरेचं, आणि ती मला मिळाली टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेतून.

आमचं इब्रामपूर गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या कडेचं गाव. वेस ओलांडली की दोडामार्ग, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला, त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. सत्ता बदलली, पुढे राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, पण दोन्ही अंगांच्या माणसांचा जीव रमतो तो एकाच गोष्टीत, दशावतारात. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात. पालखी फिरून आली की आड दशावतार उभा राहतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, काळ्या वेशातला संकासूर येऊन पोरांना घाबरवतो आणि हसवतो. मग आख्यान लागतं ते उजाडेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. एक बाकडं, एक पडदा, पखवाज, झांज आणि पायपेटी एवढ्यावर राजे भांडतात, राण्या रडतात, देव प्रकट होतात. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण रंगमंचावर आले की बसल्या जागी माणसं कशी सावरून बसत, हे ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको.

मी या रात्रींवर वाढलो. पेटीमुळे भजन आलं, भजनातून नाट्यसंगीत आलं. माझं सगळं ऐकणं होतं. दशावतारातही मी डोळे मिटून बसत असे, पखवाजाचा बोल आणि राजाच्या तोंडचं पद यांचा मेळ कसा बसतो ते ऐकत. टीव्हीचा उपयोग बातम्यांपुरता. झगमगते दिवे, धूर, तिसऱ्याच कुठल्या सिनेमातलं गाणं आणि मग परीक्षकांची बोलणी, असल्या कार्यक्रमांत माझ्या कामाचं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

२००९ च्या अखेरीस आतेला अर्धांगवायूचा झटका आला. बांबोळीच्या इस्पितळातून ती घरी आली तेव्हा डावं अंग गेलं होतं. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. वारा लागावा म्हणून तिची खाट पुढल्या खोलीत टाकली, आणि टीव्हीही तिथंच होता. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी 'डान्स इंडिया डान्स'चा दुसरा हंगाम धरला होता. आतेला रात्रीची पेज मी भरवायची असा नेम पडला होता, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून ती अर्धी वाटी टाकून देई. पेज संपेपर्यंत बसणं भाग होतं, आणि आते पेज फार सावकाश घेई. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती मुद्दाम सावकाश घेते, मी उठून जाऊ नये म्हणून.

एकदा मी पडद्याकडे नुसता नजर लावून बसलो होतो. ती म्हणाली, "तोंडाक कित्या बघतंस? पायांक बघ."

मी पायांकडे बघू लागलो आणि तिथून माझं बघणंच बदललं.

कंटेम्पररी म्हणून जो नाच नृत्यगुरू टेरेन्स लुईसच्या शिष्यांमुळे त्या स्पर्धेत फार दिसे, तो मला पहिल्यांदा नुसती लोळण वाटे. नाचणारी मुलगी जमिनीवर पडते, फिरते, उठते, पुन्हा पडते. आतेनं मला त्यातला वजनाचा खेळ दाखवला. कुठल्या पायावर अंग तोललंय ते आधी ओळखायचं. उडीच्या आधी गुडघा सैल होतो, तो क्षण पकडायचा. पडताना आधी टाच टेकते की चवडा, ते बघायचं. स्पर्धेतली शक्ती मोहन जमिनीवर यायची तेव्हा आवाज म्हणून होत नसे. आते तिच्यावर फार खूष होती. लहानपणी अपघातात त्या मुलीचा पाय जायबंदी झाला होता आणि ती पुन्हा नीट चालेल की नाही अशी शंका होती, हे माझ्या मुलीनं आतेला सांगितलं. त्या रात्री आते बराच वेळ आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिली. काही बोलली नाही, पण पुढच्या सकाळी व्यायाम करवायला आलेल्या बाईंना तिनं पहिल्यांदा स्वतःहून पाय पुढे केला.

दुसरा तिचा लाडका धर्मेश येलांडे. तो बडोद्याचा, वडिलांचं चहाचं छोटं दुकान. आडनाव ऐकून तिनं तो आपलाच ठरवून टाकला. बडोद्याची मराठी घरं तिनं कधी पाहिली नव्हती, तरी त्या येलांडे नावात तिला काहीतरी ओळखीचं सापडलं. धर्मेश काय करतो हे मात्र तिनं मला नेमकं सांगितलं. तो थांबतो. धावत्या तालात तो एक हात, एक खांदा असा जागच्या जागी थिजवतो की पुढची मात्रा आपल्या छातीत वाजते. पेटीवाल्याला याहून सोपं काय सांगणार? भजनात सम यायच्या आधी गवई जेव्हा एक श्वास राखतो, तेव्हा सगळी बैठक त्याच्याकडे ओढली जाते. मी ते आयुष्यभर कानानं ओळखत होतो. आतेनं ते मला डोळ्यांना दाखवलं. त्यानंतर आठवड्याच्या शेवटच्या त्या रात्री मी पेजेची वाटी घेऊन वेळेआधी जाऊन बसू लागलो. मुलगी माझ्याकडे बघून हसायची आणि रिमोट माझ्या हाती द्यायची. मला तो कार्यक्रम मनापासून आवडत होता. कुणाला काढून टाकलं तर जेवण गोड लागत नसे.

मग एका समूहनाचाची रात्र आली. नाचणाऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. पुढे येत, वाकत, मागे जात. आतेचा उजवा हात चादरीवर ताल धरून होता आणि तो मध्येच थांबला. मागची रांग अर्ध्या पावलानं उशिरा वाकते, असं ती म्हणाली. मी नीट पाहिलं. खरंच तसं होतं. परीक्षकांपैकी कुणी ते बोललं नव्हतं. हे तुला कसं दिसलं, मी विचारलं. ती म्हणाली, "ढालोंत खेळलंय मी."

पौषातल्या चांदण्या रात्री आमच्याकडे ढालो होतात. मांडावर, म्हणजे ढालोसाठी ठरलेल्या जागेत, बाया दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, शेजारणीच्या कमरेला हात घालून साखळी धरतात आणि कोकणी-मराठी मिसळलेल्या ओव्या गात पुढे-मागे वाकत खेळतात. काही रात्री चालतं, शेवटी सोंगं येतात, रंभा येते. पुरुषांनी मांडावर जायचं नसतं. लहानपणी मी घराच्या पडवीत पडल्या पडल्या त्या ओव्या लांबून ऐकल्या होत्या, चाली माझ्या पेटीवर उतरल्याही होत्या. पण आते मांडावर कशी खेळते हे मी कधी पाहिलं नव्हतं, घरातल्या एकाही पुरुषानं पाहिलं नव्हतं. जत्रेत नाचायचे ते पुरुष. स्त्रीपार्टीही पुरुषच. बाया एका बाजूला बसून बघायच्या. त्यांचा स्वतःचा खेळ मांडावर, बंद दुनियेत. माझ्या गावात मी जन्मभर नाचाच्या अर्ध्याच भागाजवळ राहिलो होतो.

त्या रात्रीपासून आते बोलू लागली. पेज भरवणं, कार्यक्रम बघणं आणि मग दिवा मालवेपर्यंत तिचं सांगणं. रांग एकदम कशी वाकते, तर कुणी कुणाकडे बघायचं नसतं. शेजारणीची कंबर आपल्या हाताखाली असते, ती हलायच्या आधी घट्ट होते आणि आपल्याला कळतं. रांगेच्या टोकाला जाणती बाई लागते, कारण तिच्या एका बाजूला कुणी नसतं, तिला अर्ध्या अंगानंच रांग सांभाळावी लागते. आते टोकाला असायची. चतुर्थीतली फुगडी तिनं अशीच समजावली. गरगर फिरताना डोळे समोरच्या बाईच्या कपाळावर ठेवायचे, म्हणजे भोवळ येत नाही. 'फू'चा जो आवाज येतो तो गंमत म्हणून नसतो. त्या फुंकरीनंच दम आणि ताल दोन्ही राखायचे असतात. कळशी फुगडीत घागरीच्या तोंडात फुंकतात तेव्हा तोच श्वास घुमतो. पेटीचा भाता मी हातानं सांभाळतो, ती अंगात सांभाळत होती.

तेच दिवस होते जेव्हा 'नटरंग' चित्रपट सगळीकडे गाजत होता. १ जानेवारी २०१० ला तो लागला आणि 'अप्सरा आली'वर गावोगावच्या गॅदरिंगमध्ये मुली नाचू लागल्या. त्याचं नृत्य बसवणाऱ्या फुलवा खामकर यांनी १९९७ साली सोनीवरची 'बूगी वूगी' स्पर्धा जिंकली होती आणि त्या नाटककार अनिल बर्वे यांच्या कन्या आहेत, हे मला पुढे कळलं. मी तर बर्वेंच्या 'थँक यू मिस्टर ग्लाड'वर जीव टाकणारा माणूस. गोव्याच्या उत्सवी रंगभूमीवर त्या नाटकाचं नाव निघालं की अजूनही जुनी मंडळी खुर्ची पुढे ओढून बसतात. त्या घरातली मुलगी टीव्हीवरच्या स्पर्धेतून वर आली आणि तिनं लावणीला नवे पाय दिले, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्या जगाला मी दूरचं समजत होतो ते माझ्या आवडत्या पुस्तकांच्या कपाटाशेजारीच होतं.

२३ एप्रिल २०१० ला अंतिम फेरी झाली. शक्ती जिंकली. धर्मेश, पुनीत पाठक, बिन्नी शर्मा मागे राहिले. धर्मेशसाठी माझी मुलगी रडली. आते शांतपणे म्हणाली, "बरोबर झाला. तो परत येतलो." तो परत आलाच. २०१३ मध्ये रेमो डिसूझाच्या 'एबीसीडी'त तो मोठ्या पडद्यावर होता आणि २०१५ मध्ये 'डान्स प्लस'मध्ये शक्ती आणि तो दोघं नव्या मुलांना शिकवायला कॅप्टन म्हणून बसले. हे बघायला आते नव्हती. २०१० च्या चतुर्थीआधीच ती गेली. मी मात्र ते सगळे भाग पाहिले, तिच्या खाटेच्या जागी खुर्ची टाकून.

आता आमच्याकडे फुगडीच्या स्पर्धा होतात. चतुर्थीत मांडवाच्या मंचावर बाया खेळतात, मुली खेळतात, पुरुष समोर बसून बघतात. संगीताचा माणूस म्हणून मला परीक्षक व्हायला बोलावतात. पूर्वी मी नाही म्हणत असे, आता जातो. परीक्षकांचं टेबल आयोजक लांब, ध्वनिक्षेपकाजवळ मांडतात आणि त्यावर कापड टाकून फुलदाणी ठेवतात. मी ते टेबल हलवायला सांगतो. मंचाच्या कडेशी, जिथून पावलं दिसतील तिथं खुर्ची मागतो. गुणपत्रिकेत वेशभूषेला जितके गुण असतात तितकेच पदन्यासाला असावेत असा आग्रह मी धरला, आणि गेल्या चतुर्थीत आयोजकांनी तो रकाना घातला. रांगेच्या टोकाला कोण उभी आहे हे मी आधी बघतो. खेळ संपल्यावर तिला बाजूला बोलावून, तिनं अर्ध्या अंगानं रांग कशी राखली हे तिला नेमकं सांगतो. बऱ्याच जणी चकित होतात. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं विचारतात. मी आतेचं नाव सांगतो, आणि त्यातली एखादी वयस्क बाई म्हणते की तिच्याबरोबर त्या मांडावर मी पण होते.