न दिसणारा चाकर आणि वऱ्हाडातील तीन रूळ

वऱ्हाडच्या नकाशावर एकेकाळी लोहमार्गाची तीन मापे एकत्र नांदत होती. मुंबई-नागपूर हा मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा. खंडव्याहून अकोल्याला येऊन पुढे पूर्णेकडे जाणारा मार्ग एक मीटरचा. आणि मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ गाठणारी ‘शकुंतला’ अवघी ७६२ मिलिमीटरची. अचलपूरकडील कापसाच्या गाठी मुंबईला न्यायच्या, तर मूर्तिजापूरला त्या उतरवून मोठ्या डब्यांत भराव्या लागत. गाठ तीच, कापूसही तोच. परंतु एका मापाचे चाक दुसऱ्या रुळावर चालत नाही.

आजच्या धाग्याचा विषय संगणकाचा आहे. त्याचा उलगडा मात्र मला या तीन रुळांमुळे झाला, म्हणून त्यांच्यापासून आरंभ.

अकोल्यातील एका जुन्या वाचनालयात गेल्या वर्षापासून आम्ही काही विद्यार्थी जीर्ण कागदांची छायांकने करत आहोत. कित्येक पानांच्या कडा बोट लागताच झडतात. अशी पाने दुसऱ्यांदा उलटण्याची हिंमत होत नाही. त्यामुळे दिवसभराची छायांकने त्याच रात्री अमरावतीच्या संगणकावर सुरक्षित पोहोचणे अगत्याचे. त्यासाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो ठरलेल्या फोल्डरवर लक्ष ठेवतो, नवे चित्र आले की त्याची प्रत पाठवतो आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का, हे ताडून पाहतो. प्रोग्रॅम सोपाच होता. कोणी सुरू न करता, कोणी समोर बसलेले नसताना त्याने अहोरात्र चालत राहावे, हे साधणे मात्र अवघड. अशा प्रोग्रॅमला विंडोजच्या परिभाषेत ‘सर्व्हिस’ म्हणतात, तर युनिक्सच्या घराण्यात ‘डीमन’.

‘डीमन’ या शब्दाचा इतिहास मोठा रंजक आहे. १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एका पत्रात एक काल्पनिक द्वारपाल उभा केला. तो जलद आणि मंद रेणूंना अथकपणे वेगळे करत बसतो. विल्यम थॉमसनने पुढे त्याला ‘डीमन’ हे नाव दिले. (त्याच १८६७ साली लोहमार्ग अकोला-बडनेरामार्गे नागपूरला पोहोचला. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण तारखा जुळल्या की इतिहासाच्या विद्यार्थ्याला राहवत नाही.) पुढे १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने पडद्यामागे राबणाऱ्या प्रोग्रॅमना हाच शब्द लावला. त्यांतला अगदी आरंभीचा डीमन फायलींच्या प्रती टेपवर उतरवून ठेवत असे, असे सांगितले जाते. म्हणजे आमच्या प्रोग्रॅमचा थेट पूर्वजच!

हा शब्द ऐकून राक्षस डोळ्यांपुढे आणू नये. मूळ ग्रीक कल्पना देव आणि मानव यांच्या मधल्या शक्तीची आहे. आपल्याकडे तिला सर्वांत जवळचा कोणी असेल, तर तो शिवेवरचा म्हसोबा: दिसत नाही, बोलत नाही, पण राखण करतो. आम्ही आमच्या सर्व्हिसचे नाव ‘म्हसोबा’च ठेवले.

आता रूळ बदलण्याची गोष्ट. वाचनालयात विंडोज, माझ्याकडे लिनक्स, अमरावतीत प्रती साठवल्या जातात तो मित्राचा मॅक. काम एकच, तरी प्रत्येक ठिकाणी चाकरीचा करार निराळा.

युनिक्समध्ये संगणक सुरू होताच पहिली प्रक्रिया जन्मते. तिचा क्रमांक १, नाव ‘इनिट’. पोरक्या झालेल्या प्रक्रियांना ती दत्तक घेते. जुने डीमन याचा फायदा घेत: स्वतःची प्रतिकृती निर्माण करून मूळ प्रक्रिया संपवायची, म्हणजे उरलेली इनिटच्या ओटीत! कोणाला कोणत्या क्रमाने उठवायचे, हे लांबलचक शेल स्क्रिप्टांत लिहिलेले असे. ॲपलने २००५ मध्ये ‘लाँचडी’ आणून ही व्यवस्था मोडली. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी लिनक्ससाठी ‘सिस्टमडी’ मांडले. त्यावरून लिनक्सच्या जगात जे रण माजले, त्यावर स्वतंत्र धागा लिहिता येईल. भांडण कितीही कडवट असो, परिणाम मला तरी सुखाचा वाटतो. दहाबारा ओळींच्या एका फाइलीत लिहायचे: अमुक प्रोग्रॅम अमुक वापरकर्त्याच्या नावाने चालवावा, नेटवर्क आल्यावर सुरू करावा, कोसळल्यास पुन्हा उठवावा. जणू नेमणुकीचा हुकूमच.

मॅकवर हाच हुकूम वेगळ्या साच्यात लिहावा लागतो आणि तो कोणत्या दप्तरात ठेवता, याला महत्त्व आहे. ‘लाँचएजंट्स’मध्ये ठेवलात, तर मालकाने लॉगिन केल्यावरच चाकर उठतो, ‘लाँचडीमन्स’मध्ये ठेवलात, तर यंत्रासोबत.

विंडोजचे घराणेच वेगळे. १९९३ च्या विंडोज एनटीचे प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर हे डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीतून आलेले; युनिक्सच्या रीतींशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. येथे एक सर्व्हिस नियंत्रक असतो. तो हाक मारतो आणि ठरलेल्या भाषेत ‘ओ’ मिळण्याची वाट पाहतो, साधारण ३० सेकंद. सामान्य प्रोग्रॅमला ती भाषा येत नाही, म्हणून नियंत्रक त्याला नापास ठरवतो. मग मधे एक आवरण-प्रोग्रॅम ठेवावा लागतो. तो नियंत्रकाला ओ देतो आणि आपले काम आतून चालवतो. मूर्तिजापूरच्या फलाटावर हमाल हेच करत: गाठ न उकलता एका डब्यातून दुसऱ्या डब्यात.

आणखी एक गोष्ट. विंडोजमधील सर्व्हिस पडद्याशी नाते नसलेल्या वेगळ्या सत्रात चालते. आपल्याला दिसणारे, अक्षर दिलेले नेटवर्क ड्राइव्ह तिला दिसतीलच असे नाही. पूर्ण पत्ता द्यावा. सर्वाधिकारी ‘लोकल सिस्टम’ खात्याऐवजी मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे. राखणदाराच्या हाती तिजोरीची किल्ली कशाला?

एवढे करूनही अकोल्याचा उन्हाळा उरतोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि दुपारी वीज जाते. बंद यंत्रात कोणतीही सर्व्हिस जागी होत नाही. म्हणून बायोसमध्ये जाऊन ‘वीज परतताच सुरू हो’ असे सांगितले. शिवाय पुनर्जन्म मिळालेल्या प्रोग्रॅमला पूर्वजन्म आठवत नाही. वीज गेली त्या क्षणी अर्धवट गेलेली प्रत पूर्ण समजली गेली, तर सारेच व्यर्थ. त्यामुळे प्रत आधी तात्पुरत्या नावाने उतरते. ताळा जुळला, तरच तिला खरे नाव मिळते. मूळ चित्र तोवर अकोल्यातून हलत नाही.

वाचनालयाचे काका संध्याकाळी फक्त पडदा बंद करून कुलूप लावतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारले, “काहून बावा, हे तं बंद दिसते. मंग फोटो अमरावतीले गेले कसे?” मी म्हटले, “म्हसोबा नेतो, काका.” त्यांनी संगणकाकडे जरा वेळ पाहिले. दुसऱ्या दिवशी मी आलो, तेव्हा त्याच्यावरची धूळ पुसलेली होती.